नाणं ठेवलं, कागद टाकले

माझ्या आईच्या वडिलांची एक पत्र्याची पेटी होती. ती रिकामी करण्याचं काम माझ्या वाट्याला आलं आणि ते मी वाईट केलं. पेटीतलं परदेशी चांदीचं नाणं मी रुमालात बांधून घरी आणलं आणि त्याच्याखालचे कागद अंगणातल्या आगीत टाकले. नाणं अजून माझ्याकडे आहे. तशी नाणी जगात कोट्यवधी पाडली गेली. कागदांची मात्र दुसरी प्रत नव्हती. या दोन्ही गोष्टी मला कळल्या तेव्हा फार उशीर झाला होता.

आजोळ बारवी धरणाच्या बुडित क्षेत्रातलं. बारवी १९७२ साली एमआयडीसीने बांधलं, ते मुळात कारखान्यांच्या पाण्यासाठी. पुढे उल्हासनगरपासून मीरा-भाईंदरपर्यंतच्या शहरांची तहान त्यावर भागू लागली. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी उभी नोकरी स्टोअर सांभाळण्यात घालवली, तिथल्या नळालाही बारवीचंच पाणी. त्यामुळे धरणाची उंची वाढवणार ही बातमी मी दोन्ही बाजूंनी ऐकली. कारखान्यात लोक म्हणत, आता पाणीकपात थांबेल. आजोळी लोक विचारत, आता आम्ही जायचं कुठे? उंची ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटर झाली. चार मीटर हा आकडा कागदावर लहान दिसतो. तोंडली, काचकोली, मानिवली, कोळेवडखळ या बाजूच्या वस्त्यांसाठी त्या चार मीटरांत घर, खळं, देऊळ आणि मसणवटही येत होती. २०१९ च्या पावसाळ्यात धरण नव्या उंचीपर्यंत भरलं. आता त्यात सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी मावतं.

पाणी चढण्याआधी लोकांनी आपापली घरं आपल्याच हातांनी उतरवली. मामानेही कौलं उतरवली, वासे सोडवले, दाराची चौकट काढून टेम्पोत घातली. मी बदलापूरहून मदतीला गेलो होतो. माळ्यावरून पेटी खाली आली तेव्हा दुपार टळत आली होती. टेम्पोवाला निघायची घाई करत होता आणि मामा घराकडे बघायचंसुद्धा टाळत होता. पेटीला हात लावायची त्याची तयारी नव्हती. "तुझ्या आज्याची हाय, तूच बघ काय ते," एवढंच तो म्हणाला.

पेटीत एक चामडी पट्टा होता, पितळेचा मग होता, कुबट वासाची खाकी टोपी होती. तळाशी मेणकापडात गुंडाळलेलं तपकिरी रंगाचं एक पुस्तक, पोस्टकार्डांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो. फोटोत बरीच माणसं रांगेत उभी होती. वाळवीने खालची कड खाल्ली होती, पण चेहरे शाबूत होते. या सगळ्याच्या वर कापडी बटव्यात ते नाणं.

ते तपकिरी पुस्तक मी उघडलं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण मला ते दिसलंच नाही अशी सबब माझ्याजवळ नाही. आत इंग्रजी छापील रकाने होते, शाईने भरलेला एक क्रमांक होता, शिक्के होते, सह्या होत्या. त्या अंगणात इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच होतो. मामा दुसरीपर्यंत शिकलेला, मामीला अक्षरओळख नाही. त्यांनी पेटी माझ्यापुढे ठेवली ती या भरवशावर, की मी वाचीन. मी वरची एक ओळ वाचली, पानं एकमेकांना चिकटलेली पाहिली आणि मिटून टाकलं. मामाने विचारलं, "कागदांचं काय करायचं?" मी म्हणालो, "वाळवी लागलीये मामा, नव्या घरात कशाला नेतोस?" बाजूला सडके रिप जळत होते. त्यात मी ते टाकले. फोटोही टाकला. मामाने काही विचारलं नाही, कारण शिकलेल्या भाच्याने सांगितलं होतं.

कारखान्यात आलेल्या प्रत्येक पेटीचं चलान मी वर्षानुवर्षं जपलं. आतला माल एकवेळ बदलून मिळतो, पण चलान हरवलं तर माल कुठून आला हे सांगता येत नाही, हे मी नव्या पोरांना शिकवत असे. तीच गोष्ट आजोबांच्या पेटीला लागू होते, असं त्या दुपारी माझ्या मनातही आलं नाही.

नाणं मात्र मी रात्री घरी दिव्याखाली धरून पाहिलं. तळहाताचा मधला भाग भरेल एवढं मोठं, जड, काळपट. एका बाजूला डोक्यावरून पदरासारखं वस्त्र घेतलेली भरल्या अंगाची बाई, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड. कडेवरही अक्षरं उठवलेली. आणि साल १७८०. ते वाचलं तेव्हा माझा श्वास अडकला. १७८० म्हणजे नाना फडणीसांचा काळ. एवढं जुनं नाणं आपल्या माळ्यावर पडून होतं आणि कुणाला पत्ता नव्हता! त्या रात्री मी आजोबांचा विचार केला नाही. किमतीचा केला.

त्यानंतरच्या चुका त्या विचारातून निघाल्या. नाणं काळं दिसतं म्हणजे त्याची किंमत कमी येणार, असं मी ठरवलं आणि उल्हासनगरात एका दुकानात ते पॉलिशला दिलं. कारागिराने विचारलं, "साधं धुऊन देऊ की मोटरवर घेऊ?" मी म्हणालो, मोटरवर घ्या, चांगलं चकचकीत करा. फिरत्या बफावर त्याने ते धरलं आणि काही मिनिटांत काळपटपणा गेला. बाईचा चेहरा गुळगुळीत झाला, गरुडाच्या शेपटीची पिसं एकमेकांत मिसळली. मला ते फार सुंदर दिसलं. मी कारागिराला ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले. त्याचा यात काही दोष नाही. मी सांगितलं ते त्याने केलं.

मग फोनवर मी जुन्या नाण्यांचे भाव शोधू लागलो. अमुक नाणं असेल तर लाखो मिळतील, असं सांगणारे खूप जण भेटतात. त्यातल्या एकाने माझ्या नाण्याचा फोटो पाहून एवढी मोठी रक्कम सांगितली की ती मी बायकोलाही मोठ्याने सांगू शकलो नाही. व्यवहार रिझर्व्ह बँकेमार्फत होईल, आधी नोंदणीची फी भरा, असं त्याने सांगितलं आणि बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र पाठवलं. मी फी भरली. मग कर म्हणून आणखी भरले. मग तो फोन बंद झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने लोकांना जाहीरपणे सावध केलं की जुन्या नाण्यांच्या आणि नोटांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही आणि तिच्या नावाने फी, दलाली, कर मागणारे फसवे आहेत. ते मी वाचलं तेव्हा माझे पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते.

पैसे गेल्याचं दुःख पुढे ओसरलं. घरात जे झालं ते ओसरलेलं नाही. लाखांचा आकडा माझ्या तोंडून मावसभावापर्यंत पोचला. तो म्हणाला, आजोबा माझेही होते. मामाचा मुलगा म्हणाला, पेटी आमच्या घरातली होती. दोघांचंही बरोबर होतं. मी मात्र त्यांना उलट विचारलं की पेटी रिकामी करायला त्या दिवशी तुमच्यापैकी कोण आलं होतं? हे मी मामासमोर बोललो. ज्याचं घर नुकतंच पाण्याखाली गेलं होतं त्या माणसासमोर मी हिशेब मांडला. मामा उठून बाहेर गेला. पुढच्याच वर्षी तो वारला. आमच्यात ते बोलणं पुरं झालं नाही.

नाणं खरं काय आहे हे मला मुंबईतल्या एका वयस्कर संग्राहकांनी सांगितलं. ओळखीच्या माणसाने गाठ घालून दिली होती. त्यांनी ते कडेला धरून उचललं, भिंगाखाली घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घासलंत का?" मी हो म्हणालो. ते रागावले नाहीत. जुन्या चांदीवर वर्षानुवर्षांनी जो रंग चढतो त्याला ते टोनिंग म्हणत. तो रंग म्हणजे नाण्याचं वय, आणि तो एकदा गेला की कोणी परत आणू शकत नाही, एवढंच त्यांनी समजावलं. संग्राहक घासलेलं नाणं सहसा घेत नाही. मग उरतो फक्त चांदीचा भाव.

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते मी कान देऊन ऐकलं. नाण्यावरची बाई म्हणजे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा. १७८० हे तिच्या मृत्यूचं साल. तिच्या नावाचा चांदीचा थालर अरबस्तान, येमेन, इथिओपिया या भागांत कॉफीच्या व्यापारात एवढा विश्वासाचा झाला होता की व्यापारी दुसरं नाणं घेईनात. म्हणून ती गेल्यावरही तेच चित्र आणि तेच साल ठेवून नाणी पाडणं चालू राहिलं. ऑस्ट्रियात हे नाणं १८५८ साली चलनातून गेलं, तरी परदेशी व्यापारासाठी ते पडतच होतं. वजन २८ ग्रॅमच्या थोडं वर, त्यात चांदी सहा भागांत पाच भाग. चित्राखाली एस. एफ. ही दोन अक्षरं हवीत, खांद्यावरच्या ब्रोचला मोती हवेत. तिकडचे लोक ते मोती बोटाने चाचपून मगच नाणं घेत. म्हणजे १७८० हे साल बघून नाण्याचं वय सांगताच येत नाही. माझं नाणं विसाव्या शतकातलंही असू शकत होतं.

"आजोबा कुठे होते?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मराठा पलटणीत होते एवढंच माहीत आहे. लहानपणी ते बसल्या बसल्या 'केरन, केरन' म्हणायचे. ते गाव की माणूस, हे आम्हाला कधी कळलं नाही. संग्राहकांनी भिंग खाली ठेवलं. केरेन, ते म्हणाले. इरिट्रियातलं डोंगरी गाव. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इटालियन फौजेशी तिथे मोठी लढाई झाली आणि २७ मार्चला केरेन पडलं. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण त्या लढाईत होती. त्या मुलखात सरकारी पैसा कुठलाही असो, बाजारात थालर चालत असे.

पुढची गोष्ट मला अजून पुरती पचलेली नाही. इथिओपियावर स्वारी करण्याआधी मुसोलिनीने ऑस्ट्रियाकडून या नाण्याचे ठसे मिळवले आणि रोममध्ये थालर पाडायला लावले. मग ब्रिटिशांनी १९३६ पासून लंडनमध्ये आपले पाडले. युद्ध पेटल्यावर पूर्व आफ्रिकेसाठी जवळची टांकसाळ हवी होती. ती होती मुंबईची. फोर्टातल्या त्या टांकसाळीत १९४०-४१ मध्ये सुमारे १ कोटी ८८ लाख मारिया थेरेसा थालर पडले. त्याच १९४० साली आपल्या रुपयातली चांदी उतरवून निम्म्यावर आणली होती, आणि त्याच टांकसाळीत दुसऱ्या मुलखासाठी चांगल्या चांदीचं नाणं पडत होतं. आजोबांच्या बटव्यातलं नाणं मुंबईत जन्मून, समुद्र ओलांडून, एका शिपायाच्या खिशातून परत बारवीच्या खोऱ्यात आलेलं असू शकत होतं. किंवा ते रोमचं, म्हणजे शत्रूच्या टांकसाळीतलं असू शकत होतं.

"यातलं कुठलं?" मी विचारलं.

त्यांनी नाणं पुन्हा भिंगाखाली घेतलं. जाणकार हा फरक गरुडाच्या शेपटीची पिसं कशी बसवली आहेत, ब्रोचवरचे मोती कसे आहेत, अशा बारकाव्यांवरून ओळखतात. माझ्या नाण्यावरची पिसं बफाने एकसारखी झाली होती. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "मुंबईचं असावं असं वाटतं, पण छातीवर हात ठेवून सांगणार नाही." मग त्यांनी सहज विचारलं, "याच्याबरोबर काही कागद नव्हते का? डिस्चार्ज बुक, पत्रं, फोटो?"

मी खरं सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी समजावलं की असा थालर बाजारात चांदीच्या भावाच्या आसपासच जातो, कारण तो मुबलक आहे. पण केरेनला लढलेल्या माणसाचं नाव, त्याचं डिस्चार्ज बुक, त्याची पत्रं आणि त्याच्या खिशातला थालर हे सगळं एकत्र असेल, तर त्याची तुलना दुसऱ्या कशाशी होत नाही. संग्राहकालाही ते हवं असतं आणि घरच्यांना तर त्याहून जास्त. संग्राहकाची किंमत आणि घरची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मी तोवर धरून चाललो होतो. माझ्या पेटीत त्या दोन्ही एकाच कागदावर लिहिलेल्या होत्या.

काय गेलं याचा हिशेब त्यानंतर हळूहळू लागला. मराठा रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आहे आणि शिपायाचा क्रमांक ठाऊक असेल तर तिथे चौकशीला काही दिशा मिळते. तो क्रमांक मी वाचला होता आणि लक्षात ठेवला नाही. पोस्टकार्डं आजोबांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेली असणार. ती आजीला आलेली. त्यांत काय होतं हे आता कुणीच सांगू शकत नाही. आजोबांचा आमच्याकडे दुसरा फोटो नाही. माझ्या मुलीने विचारलं, पणजोबा दिसायला कसे होते? मी म्हणालो, उंच होते. एवढंच मला आठवतं.

त्यानंतर मामीकडे जाऊन बसलो. ती आता नव्या वसाहतीत राहते. मावसभावालाही बोलावलं. भांडणाबद्दल दोघांची माफी मागितली आणि नाणं मामीपुढे ठेवलं. तिने ते ओळखलंच नाही. "आमचं काळं होतं," ती म्हणाली. तिचा शब्द खरा होता. मग मी तिला आठवेल ते बोलायला सांगितलं आणि वहीत उतरवत गेलो. सासरे आषाढात पहिला पाऊस झाला की बटवा काढून नाणं हातात घेऊन बसत, पण ते कुणाला दाखवत नसत. आजीच्या आजारपणात घरात पैसा नव्हता तेव्हाही त्यांनी ते विकलं नाही. सराफाने मागितलं होतं, तरी नाही. का नाही, हे मामीने एकदा विचारलं. ते म्हणाले होते, ते माझं एकट्याचं नाही.

कुणाचं होतं मग? सोबत्याचं? परत न आलेल्या कुणाचं? मामीला माहीत नाही. त्या पोस्टकार्डांत असेल, किंवा फोटोच्या मागे नाव लिहिलेलं असेल. मी फोटो उलटून पाहिला नव्हता.

आता नाणं मामीच्या सांगण्यावरून माझ्याकडे आहे. ते विकायचं नाही हे आम्ही तिघांनी ठरवलं. एका जाड पाकिटात ते ठेवलं आहे. पाकिटावर मामीने सांगितलेलं सगळं लिहिलं आहे आणि कोणी सांगितलं, कधी सांगितलं हेही. ते पॉलिश मी केलं, हेही त्यावर लिहिलं आहे, म्हणजे पुढे कुणी भिंगाखाली धरलं तर त्याला चकवा होणार नाही. कागद जाळले, तेही लिहिलं आहे. मुलीला ते वाचून वाईट वाटलं. पण आजोबांबद्दल जे अर्धमुर्धं उरलं आहे, त्यात ते का अर्धं राहिलं याचं कारणही तिला सापडायला हवं.

मुरबाड तालुक्यात काळू धरणाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. तिथल्या कित्येक घरांच्या माळ्यांवर पत्र्याच्या पेट्या अजून जागच्या जागी असतील. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात ठाणे जिल्ह्यातून आणि कोकणातून गेलेल्या माणसांची नातवंडं-पतवंडं या भागात खूप आहेत. त्यांना माझी विनंती आहे. कागद वाळवीने खाल्लेले असले तरी आधी वाचता येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या, फोनवर त्यांचे फोटो काढा, आणि नाणं मिळालं तर ते जसं काळं आहे तसंच राहू द्या.

आणि बारवीच्या बुडित गावांतून उठून जी घरं नव्या वसाहतींत, बदलापुरात, मुरबाडला गेली, त्यांनाही एक विचारायचं आहे. तुमच्या घरी रांगेत उभ्या असलेल्या मराठा पलटणीतल्या माणसांचा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला जुना फोटो आहे का? पलटणीचे असे फोटो एकाहून जास्त घरांत जात असत. असेल तर त्याच्या मागची बाजू एकदा पाहा. तिथे नावं लिहिलेली असतील, तर त्यांत माझे आजोबाही असू शकतील.